तेलाआधी

[सकाळ. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीचा जिना. दाराबाहेर चपलांचे चार-पाच जोड.]

अभ्यंग म्हटलं की आपल्याला नरक चतुर्दशी आठवते. पहाटेचा काळोख, रांगोळीतला पाट, वाटीत कोमट तेल आणि ‘हलू नकोस’ म्हणत पाठ रगडणारी आई. मग उटणं, कढत पाणी, पायाखाली फुटणारं कारीट. हे वर्षातून एकदा, आणि तेही लहानपणापुरतं. पाडव्याला बायको नवऱ्याला तेल लावते. बायकोला कोण लावतं, असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

[काकू जिना चढताना. हातात कापडी पिशवी.]

या काकूंना आम्ही ते विचारलं. त्यांना आठवायला वेळ लागला. शेवटचं तेल २७ वर्षांपूर्वी, बाळंतपणात. वाईजवळच्या माहेरी मालिशवाल्या आजी यायच्या. लांब केलेल्या पायांवर आधी बाळ घ्यायच्या, मग बाळंतिणीची पाळी. नंतर बाजेखाली शेगडी आणि ओव्याची धुरी. दुखलं तर ओरडायची मुभा होती, ‘इथे नको’ म्हणायची नव्हती. असं कुणी म्हणतं, हेच तेव्हा कुणाला सुचलं नसावं.

आज काकू ५४ वर्षांच्या आहेत. पोस्टात काउंटरवर बसतात. मान आणि खांदे इतके आखडलेत की मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं. हाडांच्या डॉक्टरांनी व्यायाम दिलाय, तो चालू आहे. त्याच्या जोडीला वैद्यबाईंनी सात दिवसांचं अभ्यंग-स्वेदन, म्हणजे तेलाची मालिश आणि वाफेचा शेक, सांगितलंय. आज पहिला दिवस.

[पिशवी उघडते : जुना गाऊन, विटलेला टॉवेल, सुती स्कार्फ.]

काल फोनवर सूचना आल्या होत्या. कपडे जुने आणा, कारण तेलाचा डाग धुऊन जात नाही. परत जाताना कानाला बांधायला स्कार्फ आणा. सकाळी हलकं काहीतरी खा आणि त्यानंतर दोनेक तास जाऊ द्या. यातली शेवटची सूचना फार जुनी आहे. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या सूत्रस्थानात वाग्भटांनी अभ्यंग रोज करावा असं सांगितलंय आणि लगेच तो कुणी करू नये तेही सांगितलंय : कफाने ग्रासलेल्यांनी, नुकतंच वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब करवून शुद्धी) झालेल्यांनी आणि ज्यांना अजीर्ण झालंय त्यांनी. भरल्या पोटावर तेल नको.

काकूंनी त्याच्या उलटं टोक गाठलं. आज चतुर्थी. सकाळपासून नुसता चहा.

“काकू, वाफेत चक्कर येईल हो,” मालिश करणाऱ्या ताई म्हणाल्या. इथे सगळे त्यांना ताईच म्हणतात, वयाने मोठी माणसंसुद्धा. त्यांनी डब्यातून राजगिऱ्याचा लाडू काढून दिला, वर तांब्याभर पाणी. आता पाऊण तास थांबायचं. हा पाऊण तास ठरलेला नव्हता. आम्हाला जे बघायला मिळालं ते त्यातच मिळालं.

[मालिशची खोली. लाकडी द्रोणी. कॅमेरा तिच्या कडेने हळू सरकतो.]

ही द्रोणी. लांबट लाकडी मेज, चारी बाजूंनी उंच काठ, पायाकडे तेल वाहून जायला भोक. हल्ली फायबरचीही मिळते, पण ताईंना लाकूडच आवडतं. फायबरवर घामेजलेलं अंग घसरतं, असं त्या म्हणतात.

आणि हा कुकर. घरोघरी असतो तोच. शिट्टी काढलेली, तिच्या जागी रबरी नळी. आत दशमुळांचा काढा आणि निर्गुडीचा पाला. शास्त्रात याला नाडीस्वेद म्हणतात. काकू बराच वेळ कुकरकडे बघत राहिल्या. “वरणाचा वास येईल की काय!” त्या म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या.

वाफ देताना डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवतात आणि छातीवर वाफ धरत नाहीत. डोळे आणि हृदय इथे शेक अगदी सौम्य द्यावा किंवा देऊच नये, असं चरकांनी लिहून ठेवलंय. त्याच चरकांनी तेल लावलेल्या शरीराला तीन उपमा दिल्यात : तेल मुरलेला घडा, तेल चोळलेलं कातडं आणि वंगण घातलेला गाडीचा आख. तिन्ही रोजच्या राबत्यातल्या वस्तू. सुगंधी मेणबत्त्या आणि बासरीची धून यायच्या आधी मालिश ही राबणाऱ्या अंगाची डागडुजी होती.

डागडुजी होते का? कंबरदुखीवर मालिशच्या २५ चाचण्या, एकूण ३,०९६ माणसं, यांचा एक मोठा आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं काही काळ कमी होताना दिसलं, पण चाचण्यांचा दर्जा इतका कच्चा होता की यावर फारसा विश्वास टाकता येत नाही, असं आढावा घेणाऱ्यांनीच लिहिलंय. वैद्यबाईंना हे सांगितलं तर त्या चिडल्या नाहीत. “व्यायाम सोडू नका, एवढंच मी पहिल्या दिवशी सांगते,” त्या म्हणाल्या.

[टेबलावर भरलेला फॉर्म. कॅमेरा ओळींवरून फिरतो.]

हा काकूंचा फॉर्म. रक्तदाब : गोळी चालू. साखर : नाही. ताप, त्वचेचा आजार, उघडी जखम : नाही. रक्त पातळ करायची औषधं : नाही. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं : नाही. हा शेवटचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी विचारतच नाहीत आणि तो विचारायलाच हवा. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर पाय चोळणं जिवावर बेतू शकतं, कारण ती सुटून फुप्फुसापर्यंत जाते. तिथे तेलाची वाटी बाजूला ठेवून तडक डॉक्टर गाठायचा.

त्याखाली, शस्त्रक्रिया : नाही.

[ताई तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवतात.]

ताई एकेक गोष्ट आधी सांगून ठेवत होत्या. आधी बसवून टाळूला तेल, मग कान, मग झोपवून हातपाय. डोकं, कान आणि तळपाय इथे विशेष लावावं, हेही वाग्भटांचंच. अंगावरच्या केसांच्या दिशेने लांब हात, सांध्यांवर गोल. अंगावर कापड राहील, ज्या भागाला तेल लावायचं तेवढंच उघडायचं. उतरताना धरल्याशिवाय पाय टेकायचा नाही; तेलकट तळव्याने फरशीवर पडलेली माणसं ताईंनी पाहिलीत. काकू मान हलवत होत्या. आखडलेली मान जितकी हलेल तितकी.

“आणि बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून ठेवा. मणी मानेत रुततात.”

काकू थबकल्या. बांगड्या निघाल्या. जोडवी साबणाने निघाली. हात मंगळसूत्रापाशी जाऊन थांबला.

“राहू दे का?” ताईंनी विचारलं. “बाजूला सारून करते मी. पुष्कळ जणी ठेवतात.”

“नाही, काढते. आधी एकदा काढलंय.”

“कधी?”

“ऑपरेशनला.”

[खोलीत शांतता. भांड्यातल्या पाण्याचा आवाज.]

तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूची, काखेजवळची गाठ काढलेली. साधीच निघाली. साधी निघाली म्हणून फॉर्मवर लिहिली नाही, आणि दाराबाहेर बाकावर दोन अनोळखी पुरुष बसले होते म्हणूनही लिहिली नाही. घरात नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. सुनेला तर नाहीच.

इथे मला त्या फॉर्मचा थोडा राग आला. छातीवरची, गर्भाशयावरची शस्त्रक्रिया बाई बोटभर रकान्यात, गुडघ्यावर कागद धरून, माणसांत बसून लिहील, अशी अपेक्षा तो करतो. लिहिलं नाही की दोष मात्र तिच्या माथी.

ताईंनी वाटी खाली ठेवली आणि वैद्यबाईंना बोलावलं. दार लोटून त्यांनी नीट विचारलं. कोणत्या वर्षी? काखेतल्या ग्रंथी काढल्या होत्या का? हाताला सूज येते का? त्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला जोरकस मालिश करत नाहीत; हात सुजू शकतो. काकूंच्या काढल्या नव्हत्या. “तरी आज त्या बाजूला नकोच. उद्या फाइल आणा, मग ठरवू,” वैद्यबाई म्हणाल्या. फॉर्मवरचं ‘नाही’ खोडून त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहिल्या. हे सगळं कॅमेऱ्यासमोर येऊ द्यायचं की नाही, ते काकूंनी दोन दिवसांनी ठरवलं. येऊ द्या म्हणाल्या, चेहरा आणि नाव तेवढं नको.

[काकू मंगळसूत्र रुमालात गुंडाळतात, रुमाल पिशवीच्या तळाशी.]

“व्रण दुखतो का?” ताईंनी विचारलं.

“दुखत नाही. पण इथे हात नको लावू.”

बाकी सगळ्यांशी अहोजाहो करणाऱ्या काकू ताईंना ‘लावू’ म्हणाल्या. ताईंनी मान डोलावली, वाटीतलं थेंबभर तेल आधी स्वतःच्या मनगटावर, मग काकूंच्या मनगटावर सोडलं. ‘चालेल?’ ‘चालेल.’

[दार बंद होतं. आतून कडीचा आवाज. कॅमेरा बाहेर.]

आमची परवानगी इथपर्यंतच. बाकावर आता एकच गृहस्थ उरलेत, पेपरात डोकं घालून. दाराशी काकूंच्या चपला. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडतोय. बऱ्याच वेळाने आतून ताईंचा आवाज येतो.

“काकू, जोर बरा आहे ना?”

थोडा वेळ काहीच नाही.

“डाव्या खांद्याला जरा कमी कर.”