शेवटची फवारणी, पुढचा तोडा

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त कृषी सहायकांनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'भाजीपाला : पोषण, प्रदूषण आणि सुरक्षितता'. अक्षर फार सुरेख आहे. या तिघांपैकी निदान दोघांना तरी हात लावीन, असं मी अध्यक्षांना कबूल केलंय. पण आधी मला भेंडीबद्दल बोलू द्या.

31 वर्षं मी कृषी खात्यात काढली. मोटारसायकलवरून गावोगाव हिंडायचं आणि सांगायचं, "दादा, औषध मारल्यावर थांबा, लगेच तोडू नका." दादा मान डोलवायचे. मी डायरीत 'मार्गदर्शन केले' असं लिहायचो आणि पुढच्या गावाला जायचो. निवृत्त झालो तेव्हा खेड तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीत 10 गुंठे भेंडी लावली. म्हटलं, आता करूनच दाखवतो. घरून तेव्हाच प्रश्न आला होता, "कुणाला?"

ज्यांनी भेंडी लावलीय त्यांना पुढचं माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. दीडेक महिन्यात तोडा सुरू होतो आणि मग ते पीक तुम्हाला लग्नाकार्यालाही जाऊ देत नाही. एक दिवसाआड तोडा, तोही भल्या सकाळी आणि हातमोजे घालून, कारण त्या लवेनं हाताला खाज सुटते ती दुपारपर्यंत जात नाही. आज बोटाएवढी दिसलेली शेंग परवा नाही तोडली, तर तेरवा जून. तुम्ही मंडईत टोक मोडून बघता ना, तेच. मोडलं तर भेंडी, वाकलं तर दोरी. (भाजीवाल्याची नजर चुकवून सगळेच मोडतात, हसू नका.)

चौथ्या तोड्याला अळी दिसली. शेंगेला बारीक भोक आणि भोकाच्या तोंडाशी ओली घाण. दुकानातून इमामेक्टिन बेन्झोएट हे अळीवरचं औषध आणलं. आतलं माहितीपत्रक उलगडत गेलो तर सगळं टेबल व्यापलं, अक्षर मात्र मुंगीच्या पायाएवढं. नातवाचं भिंग आणलं तेव्हा ती ओळ सापडली : भेंडी, शेवटची फवारणी ते काढणी, 5 दिवस.

सकाळी तोडा केला, संध्याकाळी फवारलं आणि थांबलो. मधले दोन तोडे सोडले. सहाव्या दिवशी गेलो, तर झाडावर भेंड्या नव्हत्या, काठ्या होत्या. 80 किलो तरी असतील. शिवाय जून शेंग झाडावर राहिली की झाड बी भरायच्या मागे लागतं, नवी शेंग धरायला आळस करतं, हेही मी 31 वर्षं लोकांना शिकवत आलो होतो. तरी आशेनं माल बाजारात नेला. आडत्यानं एक भेंडी उचलली, वाकवली आणि म्हणाला, "साहेब, याचं काय दावं वळायचं?"

परत आणून शेजाऱ्याच्या शेळ्यांना घातल्या. इतकी बिनधोक भेंडी त्या हंगामात तालुक्यात शेळ्यांनीच खाल्ली असेल. तो शेजारी मात्र शनिवारी संध्याकाळी फवारून रविवारी सकाळी तोडून मोकळा झाला होता, आणि त्याला दरही बरा मिळाला. त्या रात्री मला ते मान डोलावणारे दादा एकेक करून आठवले. मला नकार द्यायचा नाही म्हणून ते मान डोलवत होते. थांबल्यावर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं.

मला हवा तो मुद्दा इथं आहे. हे थांबायचे दिवस सगळ्यांना सारखे नसतात. क्लोरँट्रानिलीप्रोल या अळीवरच्या एकाच औषधाचं उदाहरण घ्या. कोबीवर 3 दिवस, भेंडीवर 5, वांग्यावर 22, आणि उसावर 208! वांग्याचा तोडा आठवड्याला निघतो. 22 दिवस कोण थांबणार? दुकानदार विचारतो, "अळी कसली आहे?" तोडा किती दिवसांनी निघतो, हे तो विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

आणि अळीवर आपला राग किती! 2014 च्या मे महिन्यात युरोपनं आपला हापूस बंद केला, ते सगळ्यांना आठवतं. त्याच हुकमात वांगी, कारली, पडवळ आणि अळूही होतं, हे कुणाला आठवत नाही. कारण विषाचं नव्हतं, मालात किडी सापडल्या म्हणून. म्हणजे युरोपातल्या साहेबालाही अळी नको, आपल्यालाही नको, आणि मधला शेतकरी पाठीवर पंप घेऊन उभा. 2017 साली यवतमाळात कापसावर फवारताना 20 च्या वर माणसं विषबाधेनं गेली. तुमच्या ताटातल्या कणाआधी विष त्याच्या अंगावर पडतं. यावर खरं तर वेगळं...

चिठ्ठी आली. 7 मिनिटं उरलीत. बरं, फळ्यावरच्या विषयाकडे येतो.

प्रदूषण. धुतल्यानं वरचं जातं : माती, जंतू, पृष्ठभागावरचं काही औषध. जे आंतरप्रवाही आहे, झाडाच्या रसात उतरलंय, ते धुऊन जात नाही. धुण्याच्या पाण्यात हळद घातली तरी फक्त पाणी पिवळं होतं. गटाराच्या पाण्यावरच्या पालेभाजीतलं शिसं नि कॅडमियम तर शिजवूनही जात नाही, तिथं पाणीच बदलायला हवं. मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक भाजीपाल्यावर वापरायला 2005 पासून बंदी आहे. लाल त्रिकोणाची, म्हणजे अतिविषारी औषधाची, बाटली भाजीच्या मळ्यात दिसली तर मालकाला हटका.

शेतकऱ्यांसाठी : पिवळे चिकट सापळे, कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढून पकडणारे), 5 टक्के निंबोळी अर्क, किडकी फळं वेचून नष्ट करणं. फवारायची वेळ आलीच तर तोडा आटोपल्यावर फवारा, आणि दोन तोड्यांच्या अंतरात बसणारं औषध मागा. माझी पुढची भेंडी अशीच निघाली. दहातल्या दोन शेंगा किडक्या गेल्या, पण दोरी वळावी लागली नाही.

घेणाऱ्यांसाठी : मोसमातली भाजी घ्या, एखादं भोक चालवून घ्या, आणि विचारा, "मावशी, शेवटचं औषध कधी मारलं?" मी विचारलं होतं. ती म्हणाली, "काका, भेंडी घ्यायचीय का स्थळ बघायला आलाय?" तरी मी विचारतो. आता दर खेपेला ती आपणहून सांगते, खरं की खोटं देव जाणे.

पोषण राहिलं. भाजी धुवून मग चिरा, चिरून धुऊ नका, क जीवनसत्त्व पाण्यात जातं. झालं पोषण.

दाराशी परभणी क्रांती या भेंडीच्या बियांच्या पुड्या ठेवल्यात. जुना वाण आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा, पानं पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारा म्हणून नाव मिळवलेला. कुंडीतही येतो. घरटी एकच पुडी घ्या, मागच्या वर्षी पहिल्या रांगेनंच संपवल्या होत्या.