लायन्सचे गुण २०२५ मध्ये कोणाच्या वाट्याला?

मंडळी, २०२५ च्या ऑगस्टअखेरचे हे बोलणे आहे: येत्या आठवडाभरात आपल्यापैकी बहुतेकांच्या फॅन्टसी फुटबॉल लीगचा ड्राफ्ट, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल स्पर्धेतले खरे खेळाडू फेरीफेरीने आपसांत वाटून घेण्याची बैठक आहे, आणि डेट्रॉईटभोवतीच्या ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्स या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाने ड्राफ्टला बसताना एक अडचण गृहीतच धरायला हवी. ती अशी, की खोलीतल्या बाराही जणांना डेट्रॉईट लायन्सचेच खेळाडू हवे असतात. इतर शहरांत जो खेळाडू सहाव्या फेरीपर्यंत पडून राहतो तो आपल्याकडे पाचवीतच उचलला जातो, आणि उचलणाऱ्याच्या अंगात बहुधा त्याच खेळाडूचा निळा जर्सी असतो. तेव्हा लायन्स चांगले आहेत का, हा आजचा विषय नाही. २०२४ च्या हंगामात १७ पैकी १५ सामने जिंकलेल्या संघाबद्दल ते विचारण्याचे कारणही नाही. या संघाच्या आक्रमणातले सहा जण आपल्या खेळात कामाचे आहेत, त्यांपैकी कोणासाठी इथला चढा भाव मोजावा, म्हणजे एखादी फेरी आधी त्याला उचलावे, आणि कोणाला शेजाऱ्याने खुशाल घेऊन जावे, एवढेच मला आज बोलायचे आहे.

भारतातून अलीकडे आलेल्या मंडळींसाठी एक खुलासा करतो. ड्रीम इलेव्हनवर, म्हणजे तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी येण्यापूर्वी, एकच बुमराह लाखो लोकांच्या संघात एकाच वेळी असू शकत असे. इथल्या ड्राफ्टमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा होतो आणि हंगामभर त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे खेळाडू चांगला असणे पुरेसे नसते, तो कोणत्या फेरीत घेतला यावर सगळा हिशेब ठरतो. आपल्या लीगचे गुण नेहमीच्या पद्धतीचे आहेत: धावून किंवा झेल घेऊन मिळवलेल्या दर दहा यार्डांना एक, दर झेलाला एक, टचडाउनला, म्हणजे चेंडू मैदानाच्या टोकाच्या एंड झोनमध्ये नेण्याला, सहा, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, फेकीच्या दर पंचवीस यार्डांना एक, टचडाउन पासला चार, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला तर वजा दोन.

आता मूळ मुद्दा. लायन्सने प्रत्यक्ष मैदानावर २०२३ मध्ये ४६१ गुण केले होते आणि २०२४ मध्ये ५६४ केले. सामन्यामागे सरासरी २७ वरून ३३ वर गेली आणि त्या वर्षी साऱ्या एनएफएलमध्ये त्यांच्याहून अधिक गुण कोणीही केले नाहीत. मधला फरक १०३ गुणांचा, म्हणजे टचडाउन जादा किकसह सात गुणांचे धरले तर ढोबळ मानाने चौदा टचडाउनांचा आहे. यार्ड आणि झेल हे खेळाडूच्या कामाच्या वाट्यावर अवलंबून असतात आणि वर्षानुवर्षे बऱ्यापैकी टिकतात. टचडाउनांचे तसे नसते, ती एका वर्षी धो धो पडतात आणि पुढच्या वर्षी ओढ देतात. यंदा लायन्स चांगलेच खेळले, पण २०२३ इतपतच चांगले खेळले, तर ही चौदा टचडाउन कोणाच्या तरी खात्यातून वजा होणार आहेत. ज्याच्या गुणांत टचडाउनांचा भाग मोठा, त्याच्या खात्याला झळ जास्त, हे सांगायला मोठी गणिते लागत नाहीत.

ही ओढ बसेल असे मानायला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे बेन जॉन्सन आता इथे नाहीत. २०२२ पासून तीन हंगाम ते आक्रमणाचे कोऑर्डिनेटर, म्हणजे चाली आखणारे प्रशिक्षक होते आणि जानेवारी २०२५ मध्ये ते शिकागो बेअर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांची किंमत कळायची असेल तर २२ डिसेंबर २०२४ चा शिकागोतला सामना आठवा. चेंडू हातात आल्यावर लायन्सचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ मागे सरकताना अडखळतो, शेजारचा जमीर गिब्ज सरळ जमिनीवर पडतो, बचाव करणाऱ्यांना वाटते की सगळाच बोजवारा उडाला, ते पुढे धावतात, आणि तेवढ्यात सावरलेला गॉफ मोकळ्या मागच्या भागात सॅम लापोर्टाला चेंडू देऊन टचडाउन करवतो. तो गोंधळ ठरवून केलेला होता. ग्रीन बेचा जॉर्डन लव याच बेअर्सविरुद्ध एकदा खरोखर अडखळला होता आणि त्या गडबडीत पास साधून गेला होता, ते चित्रफितीत पाहून जॉन्सन यांनी त्याची रीतसर चालच बनवली. लापोर्टाच्या खात्यात त्या एका चालीने २१ यार्ड, एक झेल आणि एक टचडाउन, म्हणजे नऊ गुण जमा झाले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक खरे तर एका प्रशिक्षकाच्या वहीतले होते. त्यांच्या जागी आलेले जॉन मॉर्टन अनुभवी आहेत, २०२२ मध्ये याच संघात साहाय्यक होते आणि नंतर डेन्व्हरला पासिंगचे काम पाहत होते. त्यामुळे घडी विस्कटेल असे मी म्हणत नाही. मात्र अशा फुकटच्या टचडाउनांचा पुरवठा तितकाच राहील, असे धरून किंमत मोजू नये.

दुसरे कारण दिसायला साधे आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या फळीतला मधला खेळाडू, म्हणजे सेंटर फ्रँक रॅगनाऊ, याने जून २०२५ मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि त्याच्या शेजारचा उजवा गार्ड केविन झायटलर टेनेसीला गेला. पेनाय स्यूएल आणि टेलर डेकर हे दोन्ही टोकांचे टॅकल कायम आहेत, पण मधल्या तीन जागांची फेररचना चालू आहे आणि तिच्यात जॉर्जियाहून आलेला टेट रॅटलेज हा नवखा खेळाडू आहे. गॉफ पळणारा क्वार्टरबॅक नाही. कडेने येणारा हल्ला तो एक पाऊल पुढे टाकून चुकवू शकतो, पण मधूनच दाब आला तर त्याला जायला जागा उरत नाही, आणि मग फेक घाईची होते.

म्हणून गॉफपासूनच सुरुवात करू. २०२२ ते २०२४ या तीन हंगामांत त्याचे यार्ड ४,४३८, ४,५७५ आणि ४,६२९ असे आहेत. याहून सरळ रेघ ओढता येणार नाही. टचडाउन पास मात्र २९, ३० आणि मग एकदम ३७. त्याच्या फेकीच्या गुणांपैकी गेल्या वर्षी चव्वेचाळीस टक्के टचडाउनांतून आले, आणि पायांनी तो जवळजवळ काहीच मिळवत नाही. बाल्टिमोरच्या लमार जॅक्सनशी तुलना करून पाहा: फेकीचे यार्ड जॅक्सनचे ४,१७२, म्हणजे गॉफपेक्षा साडेचारशेंनी कमी, पण धावून ९१५, आणि तिथेच एक्क्याण्णव गुण जास्तीचे. गॉफला हवामानाचेही वावडे आहे. छताखाली, म्हणजे घरच्या फोर्ड फील्डवर, तो जसा खेळतो तसा उघड्या मैदानावर खेळत नाही, हे इथल्या प्रेक्षकांना मी सांगायला नको.

इथे माझाही एक कबुलीजबाब आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये ह्यूस्टनला गॉफने पाच वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिला, संघ तरीही २६-२३ असा जिंकला, पण माझा त्या आठवड्याचा सामना गेला आणि माझे डोके फिरले. पुढच्या रविवारी मी त्याला रागाने बेंचवर बसवले. त्या रविवारी फोर्ड फील्डवर जॅक्सनव्हिलविरुद्ध त्याने २९ पैकी २४ पास पूर्ण केले, ४१२ यार्ड आणि चार टचडाउन मिळवले, आणि लायन्स ५२-६ असे जिंकले. बायकोने त्या दिवशी पिठले-भाकरी केली होती. मला तिची चव आठवत नाही. तेव्हा गॉफ नवव्या-दहाव्या फेरीत मिळाला तर जरूर घ्यावा, आपल्याकडे तो सातव्यात जाईल, तेव्हा जाऊ द्यावा, आणि घेतलाच तर घरच्या सामन्यांना त्याला बेंचवर बसवू नये.

आता रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारे गडी, कारण खरा पेच इथे आहे. गिब्जने २०२४ मध्ये २५० वेळा चेंडू नेऊन १,४१२ यार्ड आणि १६ टचडाउन केली, शिवाय ५२ झेल, ५१७ यार्ड आणि आणखी चार टचडाउन. एकूण सुमारे ३६५ गुण, त्यांतले १२० टचडाउनांचे, म्हणजे एक तृतीयांश. डेव्हिड मॉन्टगोमेरीचे १८५ वेळा चेंडू नेऊन ७७५ यार्ड आणि १२ टचडाउन, ३६ झेल, चौदाच सामने, साधारण २२० गुण. त्याचेही प्रमाण एक तृतीयांशच. कागदावर दोघांना सारखीच झळ बसायला हवी, पण तसे होणार नाही असे मला वाटते. मॉन्टगोमेरी म्हणजे मुख्यतः एंड झोनच्या तोंडाशी चेंडू ढकलणारा गडी. संघ तिथवर कमी वेळा पोहोचला की त्याचे कामच कमी होते. गिब्ज चेंडू कुठूनही घेऊन निघतो, आणि त्याचे झेल दोन्ही वर्षांत बरोबर ५२ राहिले आहेत, त्यामुळे संघाचा दिवस वाईट गेला तरी त्याला पाया उरतो.

याशिवाय गिब्जच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे जी भावात पुरती धरलेली नसते. डिसेंबरमध्ये बफेलोविरुद्ध मॉन्टगोमेरीचा गुडघा दुखावला आणि नियमित हंगामाचे उरलेले तीन सामने गिब्ज एकट्याने ओढत होता. त्या काळात सामन्याला वीसच्या आसपास वेळा चेंडू त्याच्या हाती गेला, आणि शेवटच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध २३ वेळा चेंडू नेऊन १३९ यार्ड आणि झेलासह एकूण चार टचडाउन झाली. मॉन्टगोमेरी परतला आहे आणि मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांना दोघांत काम वाटून देणे मनापासून आवडते, तेव्हा रोज तसे होणार नाही. तरीही पहिल्या पाचांत पाळी आली तर गिब्जवर मी हरकत घेणार नाही. ज्याने गिब्ज घेतला त्याने सहाव्या फेरीच्या सुमाराला मॉन्टगोमेरीही घ्यावा का, असे मला नेहमी विचारले जाते. घ्यावा, पण विमा म्हणून. दोघांनाही दर आठवड्याला मैदानात उतरवणारा माणूस एकाच टचडाउनवर दोनदा पैज लावत असतो.

रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, आमन-रा सेंट ब्राउन याच्याबद्दल माझे मन अगदी स्वच्छ आहे. चार हंगामांतले त्याचे झेल ९०, १०६, ११९ आणि ११५. गेल्या वर्षी यार्ड १,५१५ वरून १,२६३ वर आले, टचडाउन मात्र १० वरून १२ वर गेली, आणि काही जण एवढ्यावरून तो उतरणीला लागला म्हणतात. त्याच्या ३१३ गुणांत टचडाउनांचा वाटा तेवीस टक्के आहे. चार टचडाउन काढून टाका, तरी २८९ उरतात. एनएफएल संघांनी नवे खेळाडू घेण्याच्या २०२१ च्या निवड प्रक्रियेत चौथ्या फेरीपर्यंत त्याला कोणी घेतले नव्हते आणि आपल्या आधी निवडलेल्या सोळा रिसीव्हरांची नावे तो अजून तोंडपाठ म्हणून दाखवतो. सरावानंतर यंत्रातून सुटणारे २०२ चेंडू झेलण्याचा त्याचा नेम आहे. घाईत असलेल्या क्वार्टरबॅकला मध्यावर, आठ-दहा यार्डांवर उभा असलेला माणूस लागतो, आणि लायन्सकडे तो माणूस म्हणजे सेंट ब्राउन. मधली फळी कच्ची असेल तर त्याचे झेल कमी होण्याऐवजी वाढतीलच, असा माझा अंदाज आहे. या सहांमध्ये इथला चढा भाव मी फक्त याच्यासाठी देईन.

दुसरा रिसीव्हर जेमसन विल्यम्स, त्याचे उलट आहे. ५८ झेलांत १,००१ यार्ड, म्हणजे झेलामागे सतरा यार्डांहून जास्त. लांबचा चेंडू हवेत फेकायला आधी क्वार्टरबॅकला उभे राहायला वेळ लागतो, आणि तोच वेळ यंदा संशयास्पद आहे. पाचव्या फेरीत इतर कोणी भरवशाचा रिसीव्हर उरला असेल तर मी त्याच्याकडे वळेन. मात्र बेंचवर असा एखादा खेळाडू असलेला बरा, कारण त्याचा एक झेल कधी कधी अख्खा आठवडा जिंकून देतो.

लापोर्टा पहिल्या वर्षी ८६ झेल आणि १० टचडाउन करून आला, तेव्हा नवख्या टाइट एंडच्या, म्हणजे अडवणारा आणि झेलणाराही असलेल्या खेळाडूच्या, झेलांचा तो विक्रम होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात लोकांनी त्याला भलत्याच वरच्या फेऱ्यांत उचलले. मग झेल ६० झाले, टचडाउन ७, आणि आता तेच लोक त्याच्याकडे पाठ फिरवून बसले आहेत. टाइट एंडच्या जागी ब्रॉक बॉवर्स आणि ट्रे मॅकब्राइड हे इतर संघांतले दोघे अव्वल खेळाडू गेले की पुढे ओसाडीच असते. सहाव्या फेरीत लापोर्टा दिसला तर तो खरा सौदा आहे. गर्दीतला जवळचा पास त्यालाही मिळतो, म्हणजे सेंट ब्राउनबद्दल सांगितलेले कारण थोड्या प्रमाणात इथेही लागू पडते.

वेळापत्रकाकडे बघून थांबतो. सुरुवात कठीण आहे: ७ सप्टेंबरला ग्रीन बे, मग घरी बेन जॉन्सन यांचाच शिकागो, मग बाल्टिमोर, पुढे सिनसिनाटी आणि कॅन्सस सिटीही त्यांच्याच मैदानांवर. पहिल्या सहा आठवड्यांतले चार सामने बाहेरचे आणि उघड्यावरचे. आठव्या आठवड्यात सुट्टी. मग दहाव्या-अकराव्याला वॉशिंग्टन आणि फिलाडेल्फिया. ऑक्टोबरच्या मध्यावर गॉफ आणि विल्यम्स यांचे आकडे फिके दिसतील आणि त्यांचे मालक वैतागलेले असतील. घ्यायचेच असतील तर त्यांना तेव्हा मागून पाहा. कारण बाराव्या आठवड्यापासून सतराव्यापर्यंत लायन्सचे सलग सहा सामने छताखाली आहेत: न्यूयॉर्क जायंट्स, ग्रीन बे आणि डॅलस घरी, मग लॉस एंजेलिसला रॅम्स, घरी पिट्सबर्ग, आणि शेवटी मिनीआपोलिसला व्हायकिंग्ज. आपल्या लीगची बाद फेरी पंधरा ते सतरा या आठवड्यांतच असते. तो शेवटचा सामना ख्रिसमसच्या दिवशी, गुरुवारी, साडेचारला सुरू होतो; घरी पाहुणे बोलावले असतील तर लाइनअप दुपारच्या जेवणापूर्वीच लावून ठेवा.