आदरार्थी बहुवचन

(दृश्य : सकाळचे सात. पेठेतला चौक. बांबूंवर ताणलेला फ्लेक्स.)

हा फ्लेक्स काल रात्रीपर्यंत इथे नव्हता. पुण्यात दूध आणायला बाहेर पडावं, तर चौकात नवे साहेब उगवलेले असतात. मोठ्ठा चेहरा, जोडलेले हात. नावाआधी 'मा.', त्याच्याही आधी 'कार्यसम्राट'. खाली टपालाच्या तिकिटाएवढे तीस-चाळीस चेहरे, त्यातले निम्मे गॉगल लावून. शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार. ज्या खांबाला तो बांधलाय, त्यावरचा हिरवा दिवा आता कुणालाच दिसत नाही.

(दृश्य : मंडईबाहेरचा रस्ता. पाऊस.)

आठवड्याभरात वाढदिवस शिळा होतो आणि फ्लेक्स भाजीच्या गाड्यावर येतो. मेथी भिजू नये म्हणून. साहेब आता उलटे टांगलेत, कपाळावर पाण्याचं तळं साचलंय. मावशी मधूनच काठीने खालून ढोसतात, की पाणी नाकावरून ओघळून रस्त्यावर. इतक्या वर्षांत यावरून कुणाच्या भावना दुखावल्याचं ऐकलं नाही.

मावशींनी हेच स्टेजवर, हातात माइक धरून केलं असतं तर?

नेत्याला मान द्यायचा की नाही, हा प्रश्न मराठीत व्याकरणापासूनच सुरू होतो. 'तो आला' की 'ते आले'? आपण 'ते'वरही थांबत नाही. दादा, भाऊ, ताई, अण्णा. निवडून दिलेल्या माणसाला आपण घरातला करून टाकतो, आणि तिथेच फसतो. नगरसेवकाला खड्ड्याचा जाब विचारता येतो. थोरल्या भावाला कसा विचारणार? त्याची नक्कल केली की ती टीका राहत नाही, घरच्या माणसाचा पाणउतारा होतो.

(दृश्य : तमाशाचा फड. ढोलकी.)

तमाशाला हे कोडं कधी पडलंच नाही. वगातला सोंगाड्या कमरेत वाकून मुजरा करतो, 'म्हाराज' म्हणतो आणि त्याच वाक्यात म्हाराजांची अक्कल काढतो. अहो-जाहो कुठेही सुटत नाही. उलट, सगळी गंमत त्या अहो-जाहोतच असते.

पुण्याने हे हत्यार गोऱ्या साहेबावरही चालवलंय. २ मार्च १८८८. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, याच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. दागिन्यांनी मढलेले पाहुणे जमले होते. त्यात जोतीराव फुले आले ते शेतकऱ्याच्या वेशात, खांद्यावर घोंगडी टाकून. या जरतारी मंडळींवरून देशाची परीक्षा करू नका, खरी रयत अशी दिसते, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर ऐकवलं. एकही अपशब्द नाही. अपमान कुणाचा झाला, ते मात्र सगळ्यांना कळलं.

दहा वर्षांनी, १८९८ मध्ये, शिवराम महादेव परांजपे यांनी पुण्यातूनच 'काळ' साप्ताहिक काढलं. त्यांची खासियत वक्रोक्ती. इंग्रज सरकारची अशी स्तुती, की वाचणाऱ्याने गालात हसावं आणि सरकारी वकिलाने अक्षरात गुन्हा शोधत बसावं. तो शोध १९०८ साली संपला. राजद्रोह, १९ महिन्यांची शिक्षा.

(दृश्य : सदाशिव पेठ. भरत नाट्य मंदिर.)

इथवरची गोष्ट सांगायला सोपी आहे. सरकार परकं, टवाळी आपली. १६ डिसेंबर १९७२ ला याच रंगमंचावर 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, नाना फडणवीसांच्या भूमिकेत मोहन आगाशे. आता टवाळी आपल्याच नानांची होती. नानांची आणि ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला आणि १९ प्रयोगांनंतर नाटक थांबलं. थांबवलं ते पोलिसांनी नव्हे, ज्या संस्थेने उभं केलं तिनेच. कलावंत बाहेर पडले, थिएटर अ‍ॅकॅडमी काढली आणि १९७४ मध्ये नाटक परत आणलं. तेव्हा नानांना जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली होती.

(दृश्य : विद्यापीठाचा रस्ता. वडाची झाडं.)

पुढचा प्रसंग मला इतका सरळ वाटत नाही. शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र : राज्यघटना नावाच्या गोगलगाईवर बाबासाहेब बसलेत, मागे नेहरू चाबूक उगारून उभे. हे चित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होतं. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गोंधळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठातल्या त्यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

तोडफोडीचं समर्थन नाहीच. पण ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावात कुणी 'अहो' म्हटलं नाही, त्यांना बाबासाहेबांच्या पाठीमागचा चाबूक माझ्यासारखाच दिसेल, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? फ्लेक्सवरचा 'मा.' विकत मिळतो. हा मान तसा मिळालेला नाही. दोन्ही एकाच तागडीत टाकणारे विनोदवीर आळशी असतात, असं माझं मत आहे.

कायदा काय म्हणतो, तेही ऐका. घटनेच्या कलम १९(२) मध्ये बोलण्यावर बंधनं आहेत : बदनामी, सभ्यता, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. 'नेत्याचा अनादर' त्या यादीत नाही. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाचा कायदा आहे, पण तो ध्वज, संविधान आणि राष्ट्रगीताचा. त्यात एकही साहेब नाही.

तरी २०२२ मध्ये एका अभिनेत्रीला एका ज्येष्ठ नेत्याबद्दलच्या पोस्टवरून महिन्याहून जास्त काळ कोठडीत आणि तुरुंगात काढावा लागला. त्या पोस्टमधलं कवन हीन होतं. माणसाच्या शरीरावर घसरलं, की समजावं कवीकडचा मुद्दा संपला. पण हीन कवितेला पुण्यात जुनी शिक्षा आहे : सभागृह हसत नाही. पुढच्या रांगेतले आजोबा घड्याळ बघतात. ज्याने ही शिक्षा भोगलीय, त्याला विचारा.

२०१५ च्या २४ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकूर गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ रद्द केलं. बरोबर दहा वर्षांनी, २०२५ च्या २४ मार्चला, मुंबईत खारच्या एका स्टुडिओवर महापालिकेचा हातोडा पडला. आदल्या रात्री एका नेत्यावरच्या विडंबनगीतासाठी तिथे तोडफोड झाली होती. तोडणारे बाळासाहेब ठाकऱ्यांचा वारसा सांगणाऱ्या पक्षाचे कार्यकर्ते. बाळासाहेब जन्मले पुण्यात, १९२६ साली. पोटापाण्याचा धंदा : नेत्यांची व्यंगचित्रं काढणं.

(दृश्य : एडिटिंगची खोली. दोन स्क्रीन, गार झालेला चहा.)

हे निवेदन रेकॉर्ड झाल्यावर एडिटरने हेडफोन काढले. "सर, फुल्यांपासून पळशीकरांपर्यंत सगळ्यांची नावं घेतलीत. २०२२ आणि २०२५ मध्ये मात्र 'एक अभिनेत्री', 'एक नेता'. सगळ्या गावाला माहितेय कोण ते. राहून गेलं का?"

मी म्हटलं, "राहून नाही गेलं."

तो काही बोलला नाही. मंडईच्या शॉटपर्यंत मागे गेला आणि मेथीवर उलट्या टांगलेल्या साहेबांचा चेहरा ब्लर करायला लागला.