आरोपपत्र दाखल झालं, म्हणजे नेमकं काय झालं?

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘आरोपपत्र’ असा छापलाय. पोलीस ठाण्यात याला ‘दोषारोप’ म्हणतात, वकिलांच्या बाररूममध्ये ‘चार्जशीट’. सरकारी नोकरीतल्या माणसाला विचारलंत तर तो वेगळंच सांगेल. खात्यांतर्गत चौकशी लागली की हातात पडतं तेही ‘दोषारोपपत्र’च असतं. त्याचा फौजदारी कोर्टाशी संबंध असेलच असं नाही. ते आज बाजूला ठेवू.

फौजदारी प्रक्रियेचा कायदा 1 जुलै 2024 पासून बदलला. सीआरपीसी गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुनं कलम 173 आता 193 झालं. ते उघडून पाहा, तपास पूर्ण झाल्यावर पोलीस अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याला पाठवायचा अहवाल, एवढंच तिथे सांगितलंय. अहवाल म्हणजे तपास करणाऱ्याने आपली बाजू लिहून कोर्टापुढे ठेवली. कोर्टाने अजून काही म्हटलेलंच नाही.

आणि पेपरात काय छापून येतं? ‘आरोपपत्रातून धक्कादायक बाब उघड.’ उघड कुठे झाली? पोलिसांनी तसं म्हटलंय! त्या गठ्ठ्यात असतं काय, बघा. वर एक फॉर्म: आरोपींची नावं, पत्ते, कलमं, कोण अटकेत, कोण जामिनावर, कोण फरार. मग साक्षीदारांची यादी. मग फिर्याद, पंचनामे, जप्तीचे कागद, वैद्यकीय दाखला आणि साक्षीदारांचे जबाब. या पोलीस जबाबांवर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नसते. तो माणूस पुढे पिंजऱ्यात येऊन शपथेवर जे सांगेल तो पुरावा. जबाबाचा उपयोग मुख्यतः तो पूर्वी वेगळं बोलला होता हे दाखवण्यापुरता. कित्येक गठ्ठ्यांत रासायनिक पृथक्करणाचा, म्हणजे सी. ए. रिपोर्ट, ‘प्राप्त होताच सादर करू’ एवढ्या एका ओळीवर असतो. ‘पाच हजार पानी आरोपपत्र’ या मथळ्यानेही दबून जाऊ नका. त्यातली पुष्कळशी पानं बँकेचे उतारे आणि मोबाईलचे कॉल रेकॉर्ड असतात.

मग या कागदाची एवढी धावपळ का? कारण घड्याळ. आरोपी कोठडीत असेल तर तपासाला मुदत असते. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर 90 दिवस, बाकीच्यांना 60. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लावला असेल तर विशेष न्यायालयाच्या परवानगीने 180 पर्यंत. मुदत संपली, अहवाल आला नाही आणि आरोपी जामीन भरायला तयार असला, तर त्याला सोडावंच लागतं. गुन्हा किती गंभीर हे तिथे बघायचं नसतं. पण अर्ज वेळेत हवा. उदय आचार्य यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सांगितलं की मुदत टळल्यावर अर्ज केला आणि जामिनाची तयारी दाखवली की हक्क बजावला गेला; त्यानंतर चार्जशीट आणून टाकलं तरी तो जात नाही. उलट अर्जाआधीच चार्जशीट आलं, तर हक्क गेला.

हे दिवस मोजायचे कसे, यावरूनसुद्धा प्रकरण दिल्लीपर्यंत गेलंय. येस बँकेशी संबंधित प्रकरणात डीएचएफएल कंपनीच्या वाधवान बंधूंना 14 मे 2020 रोजी कोठडी मिळाली. तो दिवस धरला तर साठावा दिवस 12 जुलै, आणि तो रविवार. सोडला तर 13 जुलै. ईडीचे कागद छापील स्वरूपात दाखल झाले 13 तारखेला, आणि जामिनाचा अर्जही त्याच सकाळी आलेला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये जामीन दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी मार्च 2023 मध्ये निकाल दिला की कोठडीचा पहिला दिवस धरायचा, म्हणजे मुदत 12 जुलैलाच संपली होती. एका दिवसासाठी जवळजवळ तीन वर्षं! हा जामीन म्हणजे ‘क्लीन चिट’ नव्हे बरं का. खटला आहे तिथेच राहतो. (ईडी दाखल करते ती कायद्याच्या भाषेत तक्रार असते. पेपरवाले त्यालाही आरोपपत्रच म्हणतात. चालायचंच.)

खरा आरोप ठेवतं ते कोर्ट. आरोपीला कागदांच्या प्रती फुकट मिळतात, दोन्ही बाजूंचं ऐकलं जातं, आणि खटला चालवण्याइतकं प्रथमदर्शनी काहीच नसेल तर आरोपीला तिथेच दोषमुक्त करतात. असेल तर ‘चार्ज फ्रेम’ होतो. आपल्या जिल्हा न्यायालयात हे मराठीत चालतं. न्यायाधीश वाचून दाखवतात, ‘तुम्ही अमुक तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारास मौजे अमुक येथे फिर्यादीस काठीने मारहाण करून...’ आणि विचारतात, ‘आरोप समजला?’ ‘समजला.’ ‘कबूल आहे?’ ‘नाही साहेब.’ सही किंवा अंगठा. पाच मिनिटांचं काम. पण खटला इथून उभा राहतो, आणि गंमत म्हणजे या पाच मिनिटांची बातमी बहुतेकदा येतच नाही.

निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रातसुद्धा हा फरक येतो. आरोपनिश्चिती, म्हणजे चार्ज फ्रेम, झाली का, हे उमेदवाराला तिथे सांगावं लागतं. तेवढ्यावरून उमेदवाराला अपात्र ठरवा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली होती. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सप्टेंबर 2018 मध्ये ती मान्य केली नाही. अपात्रतेची नवी अट घालणं संसदेचं काम, असं म्हटलं. मला तो निकाल पटतो. आरोपावरून माणूस बाद व्हायला लागला, तर खोट्या फिर्यादींचा पाऊस पडेल, आणि गावच्या राजकारणात तो आधीच काय कमी पडतो?

अशीच एक मागणी होती की सगळी चार्जशीट वेबसाइटवर टाका. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीही नाकारली. एफआयआर बऱ्याच गुन्ह्यांत ऑनलाइन मिळते, चार्जशीट नाही. त्यात पीडितांची, साक्षीदारांची नावं-पत्ते असतात. ते कोणालाही मोबाईलवर वाचायला मिळालं तर साक्षीदाराचं काय होईल?

आता फिर्यादीच्या बाजूने. प्रत्येक तपासाचा शेवट चार्जशीटमध्ये होत नाही. आपल्या महाराष्ट्रात पोलीस कधी ‘समरी’ मागतात, म्हणजे खटला न भरता प्रकरण बंद करायची कोर्टाकडे परवानगी मागतात. ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा घडला खरा, पण आरोपी किंवा पुरावा सापडत नाही. ‘ब’, म्हणजे फिर्यादच खोटी. ‘क’, म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. जमिनीच्या बांधावरून झालेली कितीतरी भांडणं ‘क’मध्ये जातात. ही समरी पोलिसांनी मागितली म्हणून मिळत नाही, मंजूर करायची ती दंडाधिकाऱ्याने. त्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं ऐकलं पाहिजे, हे भगवंत सिंग खटल्यात 1985 मध्येच ठरलंय. नव्या संहितेत तर तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांत कळवायचं बंधनही पोलिसांवर आहे. तेव्हा तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या नावाने कोर्टाची अशी नोटीस आली, तर ‘केस संपली वाटतं’ म्हणून ती कपाटात टाकू नका. त्या तारखेला हजर राहा, समरीला हरकत आहे असं लेखी द्या, कोणता साक्षीदार तपासलाच नाही, कोणता कागद घेतलाच नाही, ते नावानिशी लिहा. दंडाधिकारी पुढचा तपास करायला सांगू शकतात, किंवा पुरेसं वाटलं तर समरी बाजूला ठेवून स्वतः दखल घेऊ शकतात, म्हणजे प्रकरण पुढे चालवू शकतात.