दिवाणजींची नखं

नमस्कार श्रोतेहो. आज मला विषय दिलाय जंतुसंसर्ग आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग. जेवणाच्या वेळेला आतड्याचं काय ऐकायचं, म्हणून कुणी रेडिओ बंद करायला उठलं असेल तर जरा थांबा. मी नखांपासून सुरू करणार आहे.

1996 चा पावसाळा. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडतीवरचे दिवाणजी माझ्याकडे आले. वय 55. पाच आठवडे रोज दिवेलागणीला ताप चढायचा. वजन उतरलेलं, तोंडाची चव गेलेली, हातात कागदांची ही जाडी. टायफॉइडचं औषध दोनदा झालेलं, हिवतापाच्या गोळ्या एकदा. आता आपल्याकडे ताप आला की टायफॉइडचं रक्त आणि एक सलाईन हे ठरलेलंच. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, हे सांगून माझे केस पांढरे झाले, पण बाटली टांगल्याशिवाय डॉक्टर भेटल्यासारखं वाटतच नाही लोकांना. असो.

नाडी बघायला हात धरला. हळदीत मुरलेला हात तो, नखं पिवळीधमक. आणि दोन नखांखाली बारीक उभ्या तपकिरी रेघा, कुसळ रुतून बसावं तशा. मला वाटलं, हळदच असणार. म्हटलं, दिवाणजी, जरा हात धुऊन या. साबण लागला तशी हळद लाल झाली, चुन्यानं कुंकू होतं ना, तसंच. मग घरातून लिंबाची फोड मागवली. लिंबानं लाल गेलं, परत पिवळं आलं. रेघा मात्र जिथल्या तिथं.

मग छातीला नळी लावली, तर हृदयाच्या ठोक्यामागे फुसफुस ऐकू आली. ताप, फुसफुस आणि नखांतल्या रेघा असं तिन्ही एकत्र आलं की डॉक्टरच्या पोटात खड्डा पडतो. हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलेलं असतं, आणि त्या रेघा म्हणजे नखांखाली झालेला बारीक रक्तस्राव. रक्त कल्चरला, म्हणजे त्यातले जंतू वाढवून बघायला, पाठवलं. तिसऱ्या दिवशी लॅबमधून फोन आला, स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस वाढलाय. हल्ली त्याला गॅलोलिटिकस म्हणतात.

हे नाव ऐकलं आणि मला आमचे सर आठवले. वॉर्डात राउंडला ते म्हणायचे, "हा जंतू झडपेवर सापडला की आतड्यात दिवा लावून बघायचं. रुग्ण नको म्हणाला तरी बघायचं." झडपेवरचा जंतुसंसर्ग आणि आतड्याचा कर्करोग, ही जोडी वैद्यकीय नियतकालिकांत 1951 पासून नोंदलेली आहे.

दिवाणजींना सांगितलं, मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची. ते बघतच राहिले. "डॉक्टर, ताप छातीतला म्हणताय आणि दिवा खालनं लावताय व्हय?" बाई शेजारी बसलेल्या. त्या म्हणाल्या, "अवो, गप पडा की. पाच आठवडं वरनं बघून काय सापडलं?"

डाव्या बाजूला, आतड्याच्या वळणावर, हळदीच्या गड्ड्याएवढी गाठ होती. तुकडा तपासला, कर्करोग निघाला. मी विचारलं, कधी रक्त पडलं होतं का? तर म्हणाले, "वर्षभर पडतंय की अधनंमधनं. मूळव्याध हाय ती. आमच्या घरात समद्यांनाच हाय." श्रोतेहो, एवढं एक वाक्य लक्षात ठेवा. शौचाला रक्त दिसलं तर मूळव्याध समजून घरी बसू नका. परत सांगतो, मूळव्याध समजून घरी बसू नका.

आधी चार आठवडे पेनिसिलिनची इंजेक्शनं, मग मिरजेत ऑपरेशन. गाठ आतड्याबाहेर पसरली नव्हती.

टाके काढायला आले तेव्हा दिवाणजींनी हिशेबी माणसाचा प्रश्न विचारला. "जंतू आधी का गाठ आधी? जमा कुणाची, नावं कुणाच्या?" या जंतूच्या बाबतीत मुख्यतः असं दिसतं, की गाठीमुळे आतड्याचं अस्तर कच्चं होतं आणि तिथून तो रक्तात शिरतो. म्हणजे तो बातमीदार. गाठ वाढवण्यातही त्याचा हात असावा, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

आणखी दोन जंतूंची ओळख पटकन करून देतो. एक फ्युझोबॅक्टेरियम. हा मूळचा तोंडातला, हिरड्या सुजल्या की माजतो. 2012 मध्ये तो आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत भरपूर सापडला. आपल्या भागात हिरडी दुखली की मिसरी लावायची. मिसरी म्हणजे जाळलेली तंबाखू, तिनं हिरडी बधिर होते, बरी होत नाही. पण सासूची मिसरी सुनेनं सोडवलीय असं मी अजून पाहिलेलं नाही.

दुसरा ई. कोलाय, त्याच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात. हे विष पेशीच्या डीएनएवर ओळखता येईल असा ओरखडा ठेवतं. 2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्या. चाळिशीच्या आत आजारी पडलेल्यांत हे ओरखडे सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त आढळले. हे ओरखडे बहुधा लहानपणीच पडलेले असतात.

याचा अर्थ हा रोग एका ताटात जेवल्यानं लागतो असा नाही. आणि औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिकची पट्टी आणून खावी असा तर मुळीच नाही. गाठ सहसा आतड्याच्या अस्तरावरच्या साध्या कोंबापासून वाढते आणि त्याला दहाएक वर्षं लागतात. कोंब दिसला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. पंचेचाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला हा रोग झाला असेल, कारण नसताना रक्त कमी भरत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर डॉक्टरांना विचारा. आणि रक्त दिसलं तर काय करायचं नाही, ते मघाशी दोनदा सांगितलंय.

काचेपलीकडून मला हात दाखवताहेत, वेळ संपली. दिवाणजींचं तेवढं पुरं करतो. त्या दिवाळीत ते भडंगाचा पुडा घेऊन आले. तेव्हाच्या भडंगात लसूण असायचा, आता नुसतं तिखट. पाडव्याला अडतीवर नवी चोपडी उघडली, तेव्हा पहिल्या पानावर, 'श्री'च्या खाली, त्यांनी पुढच्या वर्षीच्या दुर्बीण तपासणीची तारीख लिहिली. शेठजींनी वाकून विचारलं, "ही कुणाची उधारी?"

"आतड्याची," दिवाणजी म्हणाले.