दहाच्या वर कोंबड्या नकोत

मघाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, "डॉक्टर, किती पक्ष्यांपासून सुरुवात करू?" मी म्हटलं, दहा. त्यांचा चेहराच पडला. कुणीतरी त्यांना पाचशेचं शेड सुचवलं होतं, कर्जासकट.

पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला ३०० च्या वर अंडी देते आणि रोज साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. आपली गावरान देते ५० ते ६०. पाचशे पाळल्या की खाद्य विकत आणावंच लागतं, आणि विकतच्या खाद्यावर गावरान कोंबडी लेअरपुढे टिकत नाही. दहा कोंबड्यांचं तसं नाही. त्या कुटारात पडलेला दाणा, कणी, वाळवी, उकिरड्यातले किडे यांवर जगतात. संध्याकाळी मूठभर दाणे टाकायचे, तेही खुराड्याची सवय लागावी म्हणून. अंडी जास्त हवी असतील तर निम्म्या ग्रामप्रिया ठेवा. ही हैदराबादची जात परसातही दीडशेच्या आसपास अंडी देते. पण ती सहसा खुडूक होत नाही, म्हणून अंडी उबवायला दोन-तीन गावरान लागतातच. एकवीस दिवस हलणार नाही अशी कोंबडी कोणती, हे तुम्ही माझ्यापेक्षा बरं ओळखता.

उबवणीला फेब्रुवारीनंतर बसवू नका. आपल्या नागपूरचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकते तेवढाच तिचा कूलर. कडुनिंबाखाली मातीचं पसरट भांडं ठेवा, दिवसातून तीनदा पाणी बदला, खुराड्यावर ओलं पोतं टाका. मेअखेरच्या नवतपात एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

आता मानमोडी, कोंबड्यांची साथ. कागदोपत्री तिला राणीखेत म्हणतात. हिरवट हगवण, मान पिळवटलेली, आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं. औषध नाही, फक्त लस. पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा एकदा आणि दोन महिन्यांचं झालं की आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. सोपं वाटतं ना? अडचण कुपीची आहे. लहानातली लहान कुपीही साधारण शंभर पक्ष्यांची असते. एकदा लस कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती कोण आणणार? म्हणून कुणीच आणत नाही, आणि दर दोन वर्षांनी गाव रिकामं होतं.

सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हाची गोष्ट. एप्रिलमध्ये उमरेडकडच्या एका गावात मी दुपारी लस घेऊन गेलो, पिशवीत. बर्फ वाटेतच वितळलेला. पोचलो तर कोंबड्या शेतात पांगलेल्या, एक हाती लागेना. चार वाजता कशीबशी टोचली. महिन्याभरात मानमोडी आली आणि टोचलेल्याही मेल्या. एक मावशी काहीच बोलल्या नाहीत, रिकामं डालगं तेवढं माझ्यापुढे आणून ठेवलं. लसीचा दोष नव्हता, ती गार ठेवली नाही हा माझा होता.

तेव्हापासून मी दिवेलागणीलाच जातो. कोंबड्या आपसूक खुराड्यात आलेल्या असतात, एकेक बाहेर काढून थेंब टाकायचा. दहा घरं, शंभर पक्षी, एक कुपी.

अंड्यांचं विचाराल तर आठवड्याची अंडी विकण्याआधी लहान लेकराची आणि गरोदर सुनेची बाजूला काढा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. अंडी विकून आणलेल्या बिस्किटांत ती मिळायची नाहीत. कोंबडे मात्र खुशाल विका, पण आखाडीला. श्रावण लागला की भाव विचारायलाही कुणी येत नाही.

तर लसीसाठी पुढच्या शनिवारी, संध्याकाळी सहा वाजता. लस गार ठेवायला थर्मास कुणाकडे आहे? नाही, चहाचा नको, त्याचं झाकण ढिलं असतं.