ढकलाढकलीत उघडणारे समुद्र

(मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आजच्या विषयाला आपला मुंबईचा समुद्र चालायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आपला किनारा फाटून झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा ओतला जात होता, आणि पुढच्या काही लाख वर्षांत सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून सुटला. मुंबईतले बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे, थर समुद्राकडे कललेले दिसतात, ते त्या ताणाताणीमुळेच. त्यानंतर इथे फारसं काही घडलेलं नाही. मुंबईकरांनी त्याबद्दल आभारच मानावेत.

मला बोलायचंय ते सीमावर्ती समुद्रांबद्दल. जपानचा समुद्र, दक्षिण चीन समुद्र, आपला अंदमानचा समुद्र. एका बाजूला खंड, दुसऱ्या बाजूला बेटांची माळ आणि माळेच्या पलीकडे खोल गर्ता. गर्तेत एक प्लेट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा सरकता तुकडा, दुसरीखाली घुसते आहे, म्हणजे दोन्ही प्लेटा एकमेकींवर चालून येताहेत. तिथे सगळं चेपलं जायला हवं. प्रत्यक्षात बेटांच्या मागे जमीन ताणली जाते, फाटते आणि तिथे नवा समुद्रतळ तयार होतो. हे कसं?

खाली जाणारी प्लेट नुसती तिरकी सरकत नाही. ती जुनी, थंड, जड असते, त्यामुळे स्वतःच्या वजनानं बुडते. बुडताना तिचा वाकण्याचा बिंदू, म्हणजेच गर्ता, हळूहळू महासागराकडे मागे हटते. वरच्या प्लेटची कड तिच्यामागे ओढली जाते आणि मागे फट पडते. फटीतून कवचाखालच्या थरातला, म्हणजे प्रावरणातला, तप्त खडक वर येतो, वितळतो, थिजतो. मरियाना गर्तेत बुडणारा तळ १५ कोटी वर्षांहून जुना आहे. तो जवळजवळ उभाच खाली जातो आणि बेटांच्या मागचा तळ उघडत राहतो. चिलीत याच्या नेमकं उलट: घुसणारा तळ तरुण आहे आणि वरचा खंड त्याच्यावर चढतो आहे. म्हणून तिथे समुद्राऐवजी अँडीज. सेइया उएदा आणि हिरू कानामोरी या भूभौतिकशास्त्रज्ञांनी १९७९ साली हे दोन नमुने मांडले. मांडणी सुबक आहे, पण जपान तिच्यात नीट बसत नाही. जपानच्या ईशान्येला घुसणारा तळ सुमारे १३ कोटी वर्षांचा, म्हणजे चांगलाच जुना, तरीही आज तिथे दाब आहे, ताण नाही.

जपानची गोष्ट म्हणूनच जरा सविस्तर सांगतो. साधारण अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वी जपान आशिया खंडापासून सुटला. लाव्हा थंड होताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या उत्तरेची दिशा पकडून बसतात. ती दिशा मोजल्यावर कळलं की नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरला आणि ईशान्य जपान उलट दिशेनं. देवघराच्या दाराची दोन पाखं उघडावीत तसा. मधे साडेतीन हजार मीटरपर्यंत खोल समुद्र तयार झाला.

मग उघडणं थांबलं. गेली काही दशलक्ष वर्षं तोच तळ पुन्हा चेपला जातो आहे. ताणाच्या काळात ज्या भ्रंशांवरून, म्हणजे खडकांतल्या भेगांवरून, जमीन खाली घसरली होती, त्यांच्यातले कित्येक आता तिला वर ढकलतात. नवा खडक फोडण्यापेक्षा जुनी भेग सरकवणं सोपं, एवढाच हिशेब. १९८३ आणि १९९३चे त्सुनामी आणणारे भूकंप याच पट्ट्यातले. १ जानेवारी २०२४ला नोतो द्वीपकल्पात ७.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि काही ठिकाणी किनारा चार मीटरच्या आसपास उचलला गेला. मासेमारीची बंदरं कोरडी पडली. कालपर्यंत पाण्याखाली असलेल्या खडकांवरचं शेवाळ मरून पांढरं पडलं, आणि पूर्वीचं पाणी कुठवर होतं ते त्या पट्ट्यावरून मोजता आलं.

दक्षिण चीन समुद्राबद्दल थोडक्यात. फ्रेंच भूशास्त्रज्ञ पॉल तापोनिए आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली प्लॅस्टिसिनच्या, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मऊ मातीच्या, ठोकळ्यात एक कडक ठोकळा घुसवला. मोकळ्या बाजूनं प्लॅस्टिसिनचे तुकडे बाहेर सरकले. कडक ठोकळा म्हणजे भारत, सरकलेले तुकडे म्हणजे इंडोचायना, व्हिएतनाम-लाओस-कंबोडियाचा भाग. त्या सरकण्यानंच हा समुद्र उघडला, असं त्यांचं म्हणणं. प्रयोग देखणा आहे, पण दक्षिणेला बोर्निओखाली बुडालेल्या जुन्या तळाची ओढ मला अधिक पटते. वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्या घरचा, अंदमान. इथे भारतीय प्लेट गर्तेला समोरून धडकत नाही, जवळजवळ घासत उत्तरेला जाते. त्या घासण्यात वरच्या प्लेटची एक चिंचोळी पट्टी सुटून उत्तरेकडे ओढली जाते. तिची पूर्वेची कड म्हणजे दक्षिणेला सुमात्रा भ्रंश आणि उत्तरेला म्यानमारचा सगाइंग भ्रंश. हे दोन भ्रंश एका रेषेत नाहीत, आणि मधल्या पायरीत अंदमानचा तळ गेली सुमारे ४० लाख वर्षं उघडतो आहे. सध्याचा वेग वर्षाला साधारण ३८ मिलिमीटर.

२८ मार्च २०२५ला सगाइंग भ्रंश चारशे किलोमीटरहून जास्त लांबीवर सरकला. एका सुरक्षा कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं: फाटकापलीकडची जमीन साधारण सव्वा सेकंदात अडीच मीटर पुढे निघून गेली. अंदमानच्या तळाला तेवढं उघडायला साधारण सहासष्ट वर्षं लागतात.